पन्नास पावलं

मेलेलं माकड सापडलं की
वाळपईच्या आरोग्य केंद्रातून मला फोन येतो.
मी पंप पाठीला लावतो, नाकाला पंचा बांधतो,
आणि माकड मधोमध धरून
चहूकडे पन्नास पावलं मोजतो.
पावलं माझी. वडिलांची असती
तर वर्तुळ मोठं झालं असतं, ते उंच होते.

तेही फवारायचे. मलेरियाच्या खात्यात.
भिंतीवर डीडीटीचा पांढरा हात
आणि दारावर गेरूने तारीख.
आमच्याच चौकटीवर एक उरली आहे,
चार अकरा अडुसष्ट, खाली त्यांचा वाकडा 'भि'.
लोक भांडायचे. देवाच्या खोलीत नको,
पाळण्याजवळ नको, मिठाच्या मडक्यावर तर नकोच.
बायका दुसऱ्या दिवशी शेणाने सारवून
वास बुजवायच्या.
तरी पुढच्या पावसाळ्यानंतर सबंध वाड्यावर
गोधडीखाली दात वाजवणारं कुणी दिसलं नाही.
वडील एकदाच म्हणाले,
त्याच्याआधी तुला दोन भाऊ होते.
नावं सांगितली नाहीत.

शेवटी त्यांच्या हातातली कपबशी वाजायची.
डॉक्टर म्हणाला, वय.
मीही म्हणालो, वय.

आता माकडताप. तिळाएवढी गोचीड.
गोकुळी गांवस बोंडू वेचायला वाकली होती,
पायाला काय लागलं ते तिलाही कळलं नाही.
नवव्या दिवशी बांबोळीहून गाडी आली
ती सायरन न वाजवता.
तेव्हापासून माकड मेलं की गावच फोन करतं,
पंचायतीच्या आधी, कधी माझ्या चहाच्या आधी.

आजचं माकड पडलंय
केशर माजीकच्या काजूखाली.
मोहोर भरात. झाड नुसतं गुणगुणतंय.
केशरच्या सहा पेट्या त्या टेपाडावर,
खादीवाल्यांकडून हप्त्यावर घेतलेल्या,
त्यातल्या दोन गेल्या साली माझ्या फवाऱ्यानंतर
रिकाम्या झाल्या. ती तसं म्हणाली नाही.
पेटीचं झाकण उघडून मला दाखवलं, एवढंच.

आज म्हणते, सांजेला मार, सगुण,
माश्या घरी आल्यावर.
आणि तीस पावलं पुरे.

गडग्यापलीकडून गोकुळीची मुलगी, सुलक्षा,
बारावीतली, आईची कोयती हातात:
साठ मार.
आमची वाट तिथूनच जाते.

दोघींचं भाट एकमेकींना लागून.
केशरच्या माश्या सुलक्षाच्या झाडांवर जातात,
म्हणून तिच्याकडेही बी धरते.
हे दोघींना ठाऊक आहे.
दोघी माझ्याकडे बघतात.

काजू विकायला नेला की व्यापारी
काट्यावर अंगठा ठेवतो, आपण ओरडतो.
इथे ओरडायला अंगठाही नाही.
कागदावर लिहिलंय पन्नास,
ते कुणी, कुठे बसून, किती लांब टांगा टाकून मोजले?

मी सांजेची वाट बघितली.
मध्ये सुलक्षाने चहा आणला, केशरलाही दिला.
माकडाला लाकडं रचून जाळलं,
धूर कुणाच्याच बाजूने गेला नाही.
मग मोजायला लागलो.
टेपाडाच्या अंगाला पावलं आपोआप आखूड पडली,
वाटेच्या अंगाला लांब.
आकडे दोन्हीकडे पन्नासच.
साहेबाला कळणार नाही. माश्यांना कळेल,
गोचिडांना कळेल,
मला तर मोजतानाच कळलं.

पंप अर्धा उरला.
खाली व्हाळ वाजत होता.
पोर होतो तेव्हा वडील तिथेच धूत पंप,
आणि आम्ही खाली, वळणावर, पोहत असू.
मी तसाच भरलेला पाठीवर घेऊन घरी आलो.
पायरीखाली ठेवलाय. मुलीला सांगितलंय,
हात लावायचा नाही.

निघताना काजूच्या बुंध्यावर तारीख लिहिली होती, गेरूने.
आता कुणी लिहीत नाही, कुणी मागतही नाही.
गेरू ओला होता.
अंधार पडत असताना एक चुकार मधमाशी
येऊन बसली आकड्यावर, सोंड लावून.
पाणी पीत असावी.
मी तिला हुसकावलं. परत आली.